परकराचा काठ

एकदा एका वृद्ध नाट्याचार्यांनी असे काही केले, की त्यांच्या लाडक्या शिष्येने दिवसभर त्यांच्याशी अबोला धरला.

आचार्य दर उन्हाळी शिबिरात मुलांकडून एक जुने अभिजात नाटक बसवून घेत. त्यात सासरी निघालेल्या राजकन्येचा निरोपाचा प्रवेश होता. वीस वर्षांपूर्वी पंधरा वर्षांच्या यामिनीने तो असा केला होता, की गाव अजून त्याची आठवण काढी. आता यामिनी शिबिरात शिकवायला येई, आणि यंदाची राजकन्या होती अकरा वर्षांची कृतिका.

यामिनीने शिकवण्यात कसलीच कसर ठेवली नाही. कुठल्या पावलाला थबकायचे, चौकटीला हात कुठे टेकायचा, मान किती वळवायची, सगळे आपले होते तसेच्या तसे तिला दिले. तेव्हाचा जरीचा परकरही दिला. तो लांब पडत होता, पण कापायला यामिनीचे मन धजेना. तिने आतून दुमडून टाचण्या लावल्या. पोर बिचारी टाचण्या टोचतील म्हणून जपून चाले, हात बरोबर जागी टेकवी, आणि प्रवेश मात्र अळणी होई. मग यामिनी तो पुन्हा पहिल्यापासून घेई.

प्रयोग दोन दिवसांवर आला तेव्हा कृतिका हळूच म्हणाली, "ताई, मला दासीचं काम द्या ना. मला तुमच्यासारखं नाही जमत."

आचार्यांनी ते ऐकले. एरवी नाटकाची सुतळीसुद्धा जपून ठेवणारा हा माणूस. त्यांनी परकर मागवला, काठ उसवला आणि वरचे वीतभर कापड सर्वांदेखत कात्रीने कापून टाकले.

"गुरुजी, निदान मला विचारायचं तरी," एवढेच बोलून यामिनी उठून गेली.

संध्याकाळी आचार्य परकर आणि सुईदोरा घेऊन तिच्यापाशी येऊन बसले.

"काठ कापडाबरोबरच विणलेला असतो ना? मग मला तो उसवता कसा आला?"

यामिनीने काठाची शिवण चाचपून पाहिली.

"कारण तो एकदा कापून जोडलेला आहे, तुझ्या मापाला. हा परकर तुझ्या काकूंचा, माझ्या बायकोचा. नाटकातल्या त्या दारात तुझ्याआधी ती उभी राहायची. तिनेच माझ्या हातात कात्री दिली आणि आत जाऊन रडली. तुला मात्र तिने आपलं एकही पाऊल दाखवलं नाही. ती गेल्यावर तिच्या पेटीत ती कापलेली पट्टी निघाली, घडी करून ठेवलेली." त्यांनी सुईत दोरा ओवला. "तुला पुन्हा राजकन्या व्हावंसं वाटतं, त्यात वाईट काही नाही. मलाही तुझ्या काकूंना त्या दारात पुन्हा एकदा बघावंसं वाटतं. पण ते ओझं या पोरीच्या अंगावर का? तिला तिच्या बापाचं घर सोडायचंय, तुझं नव्हे."

यामिनीने सुई हातात घेतली आणि काठ स्वतः जोडला.

प्रयोगात कृतिका दारापर्यंत धावतच आली. चौकटीला तिने हात लावलाच नाही. ती उंबरठ्यावर मटकन बसली, जमिनीवरून हात फिरवीत राहिली, आणि सखी दोनदा बोलावायला आली तरी उठेना. हे तिला कोणी शिकवले नव्हते. प्रेक्षागृहात कोणी हलले नाही.

विंगेत यामिनीचे ओठ तेच संवाद म्हणत होते, ते थांबले. आपण तिथे असावे, एकदाच, असे तिला फार वाटले, आणि ती समोर पाहत राहिली.

कापलेली पट्टी तिने घरी नेली. दुसऱ्याला द्यायचे तर वीतभर कापावे लागते. कापलेले जवळ ठेवायला कोणाची ना नसते.