केस तेवढे नीट करून ये

एका गावात एक भोळा माणूस होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच राहतो.

माझं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणांहून नकार आला होता. दोन्ही वेळा निरोप एकच होता, मुलगा बरा आहे, पण डोक्यावर पेंढा आहे. आता तिसरं स्थळ आलं. मुलीचं नाव इंदू. तिला मी जत्रेत एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

माझे वडील, आबा, म्हणाले, "श्रीपती, रविवारी जायचंय. माझ्यासाठी तरी केस नीट करून ये."

मी नरहरीमामांच्या दुकानात गेलो. मामा म्हणाले, "कसे कापू?"

"नीट."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे नीट."

मामा सकाळपासून शाळेतल्या पोरांचे केस कापत होते. त्यांचा हात त्याच वळणावर होता. मी घरी आलो तेव्हा पुढच्या केसांची कपाळावर झालर झाली होती. नुसतं दप्तर तेवढं नव्हतं.

आई म्हणाली, "अरे, नुसतं नीट काय म्हणतोस? त्यांना सगळं सविस्तर सांगावं. काही राहू देऊ नये."

मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसलो आणि सविस्तर सांगू लागलो. आमची म्हैस कधी व्याली, रेडकू कुणावर गेलंय, इंदूच्या गावाला कुठून जायचं, वाटेत ओढा लागतो त्याला पाणी किती असतं, सगळं सांगितलं. मामा तेव्हा मिशी कोरत होते. ते म्हणाले, "हलू नकोस." मी म्हटलं, "मामा, अजून ओढ्याच्या पलीकडचं राहिलंय." तेवढ्यात अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी एकटी बरी दिसेना, म्हणून मामांनी तीही काढली.

आई म्हणाली, "वस्तरा चालू असताना गप्प बसावं रे. तोंडातून ब्र काढू नये."

हे तर सोपं होतं. तिसऱ्या दिवशी मी ओठ मिटून बसलो.

"झालर तेवढी काढू?" मामा म्हणाले.

मी गप्प.

"कानावरचे घेऊ?"

मी गप्प.

"बास का?"

मी गप्पच. थांब म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मामा कापत राहिले. दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा थांबले. माझ्या डोक्यावर कुठे गवत, कुठे माळ असं झालं होतं. गुरं चरून गेल्यावर रान दिसतं ना, तसं.

आईनं कपाळाला हात लावला. "तुला बोलताही येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. आता एक कर. चार लोक ज्याची आपुलकीनं चौकशी करतात असा एखादा माणूस बघ, आणि त्याच्याकडे सरळ बोट दाखव. तोंड उघडू नकोस."

शनिवारी मामा दुकानात नव्हते, नदीवर होते. मी नदीवर गेलो. तिथं आमच्या गावातला विनायक बसला होता. त्याच्याभोवती चार नव्हे, चाळीस लोक होते. सगळे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. इतकी आपुलकी मी गावात कधी पाहिली नव्हती. त्याच्या वडिलांचा दहावा होता हे मला ठाऊक होतं. पण दहाव्याबद्दल आई काही बोलली नव्हती.

मामांनी विनायकचं डोकं तासून गुळगुळीत केलं. मग मी पुढे बसलो आणि विनायककडे बोट दाखवलं.

"नक्की?" मामा म्हणाले.

मी बोट आणखी ताठ केलं. मामांनी तीनदा विचारलं, मी तीनदा बोट दाखवलं. इतकं स्पष्ट मी जन्मात कुणाला काही सांगितलं नसेल.

घरी आबा माझ्याकडे बघून खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. मग त्यांनी आपली टोपी माझ्या डोक्यावर घातली. आई म्हणाली, "टोपी काढू नकोस. कुणी काही विचारलं तर गप्प बस. अगदीच नड पडली तर ते बोट आहेच."

रविवारी इंदूच्या घरी मी तिच्या वडिलांना, बापूरावांना, वाकून नमस्कार केला. टोपी त्यांच्या पायावर पडली.

इंदूच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. मला वाईट वाटलं. हेही स्थळ गेलं, आता इंदू कुणा केसाळ माणसाची होणार. बापूरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "कुणासाठी उतरवले केस?"

याचं उत्तर मला येत होतं. माझ्यासाठी तरी नीट कर, असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांच्याकडे मी बोट दाखवलं.

आबा शेजारीच बसून शिरा खात होते.

बापूरावांनी आबांकडे पाहिलं. आबांचा घास तोंडातच राहिला. इंदूच्या आईनं पदर खाली घेतला आणि आबांना जरा निरखून पाहिलं.

तेवढ्यात दाराआडून हसू फुटलं. इंदू दाराला धरून हसत होती. बापूराव चिडून म्हणाले, "इंदे, गप्प. आता तूच सांग, यांना काय कळवायचं?"

तिला हसण्यापुढे बोलता येईना. तिनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मागे वळून पाहिलं. माझ्या डोक्यामागे कॅलेंडर होतं. बिचारीला तारीख बघायची असेल, म्हणून मी बाजूला सरकलो.