शपथ तोंडापुरती

एका माळावर एक मुंगूस राहत असे. खरे सांगायचे तर, बाळांनो, ते माळावर राहत नसे. ते माळाच्या कडेला, हरबा कुंभाराच्या अंगणात, एका चिरलेल्या माठात राहत असे. माळावर राहत असे ते फक्त त्याचे मन. पण मन जिथे राहते तेच गाव धरायचे, असे मला वाटते. म्हणून पुन्हा सांगतो, एका माळावर एक मुंगूस राहत असे.

ते कुंभाराघरी आले कसे, ते आधी ऐका. वाटेत मुंगूस आडवे गेले की मुले काय म्हणतात, ते तुम्हांला ठाऊकच आहे. "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, रामाची शपथ!" मग मुंगूस थबकते, मागच्या पायांवर उभे राहून वळून बघते, आणि मुले खूश होतात. मुंगसाचे तोंड दिसले की दिवस चांगला जातो म्हणे. हरबाची लेक गोदी एकदा मैत्रिणींबरोबर माळावर शेण्या वेचायला गेली होती. तेव्हा एक मुंगशी वाट ओलांडून गेली. मुलींनी एका सुरात शपथ घातली. मुंगशी थांबली, वळली, तिने तोंड दाखवले. तिच्या मागून येणारे इवलेसे पिलू मात्र वाटेतच बावरून उभे राहिले. गोदीने ते उचलले, परकराच्या ओच्यात टाकले आणि धावत घरी आणले.

हरबा चाकावर बसला होता. त्याने चाक थांबवले आणि म्हणाला, "गोदे, तू काय मागितलं हुतंस तिला?"

"तोंड, आबा."

"मग तिनं दिलं न्हवं? लेकरू कुणी मागितलं हुतं?"

"ते मागं राहिलं हुतं, आबा. एकटंच हुतं."

"मागं राहिलेलं जरा वेळानं पुढं जातंच की! अगं, ती शपथ तोंडापुरती असती. तोंड बघायचं आन् वाट सोडायची. पाय अडवलं की शपथ आपल्यावरच उलटती."

गोदी घाबरली. दुसऱ्या दिवशी पिलाला घेऊन ती त्याच जागी गेली. पण एकटी गेली नाही, सगळी पलटण बरोबर घेऊन गेली, आणि सगळ्यांनी मिळून "मुंगसा मुंगसा" असा गलका केला की पाखरेसुद्धा झाडावरून उठली. एवढ्या गोंगाटात कोणती आई पुढे येणार? पिलू गोदीच्या ओच्यातून परत आले. तिने त्याचे नाव टिल्लू ठेवले, कापसाच्या वातीने दूध पाजले आणि मडकी भाजायच्या आव्याजवळचा चिरलेला माठ आडवा करून त्यात जुन्या लुगड्याची चिंधी अंथरली.

टिल्लूला त्या घरी काही कमी नव्हते. कोंबडीचे एखादे अंडे त्याच्या वाट्याला येई, आणि कोंबडी काणाडोळा करी. त्याला कुणी बांधत नव्हते, की दार लावून घेत नव्हते. तरी ते सुखी नव्हते. एकच गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढून हलत नसे. आई वळली होती, उभी राहिली होती आणि तिचे तोंड दिसले होते. आईचे तेच शेवटचे दर्शन, आणि ते झाले होते त्या शब्दांनी. म्हणून त्याच्या एवढ्याशा डोक्यात एक गाठ पक्की बसली होती. ते शब्द म्हटले की आई वळते.

ते शब्द टिल्लूने घोकून घोकून पाठ केले. पहिला प्रयोग कोंबडीवर केला. "तोंड दाखव, रामाची शपथ!" असे ते ओरडले, तशी कोंबडीने मान वळवून "काय रे मेल्या?" असे विचारले. झाले! टिल्लूची खात्री पटली.

अंगणाला घायपाताचे कुंपण होते आणि कुंपणापलीकडे कमरेएवढे गवत. टिल्लू फुटक्या मडक्यांच्या ढिगावर चढून बसे आणि गवताकडे टक लावून पाही. गवतात एखादी करडी शेपूट सळसळे. ते जिवाच्या आकांताने ओरडे, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, रामाची शपथ!" आणि शेपूट दिसेनाशी होई. दर वेळी हेच. तुम्ही म्हणाल, मग कुंपण ओलांडून स्वतः का गेले नाही? गेले होते एकदा. घारीची सावली अंगावरून सरकली आणि ते धूम पळत माठात येऊन लपले. शिवाय जायचे तर कुठे जायचे? आईने एकदा वळून पाहावे, मग तिच्या मागोमाग जावे, एवढेच त्याला हवे होते. वाट दाखवायला कुणी नसले की मोकळे दारही भिंतीसारखेच असते.

कुंभाराच्या छपरावर एक कावळा बसत असे. विचारले तरी आणि न विचारले तरी सल्ला द्यायचा, हा त्याचा धर्म. "तुझा आवाज फार बारीक आहे," तो म्हणाला. "जोरात ओरड. मी नेहमी जोरात ओरडतो आणि मला कधी अपयश आलेले नाही."

टिल्लू जोरात ओरडू लागले. शेपट्या अधिकच लवकर पळू लागल्या.

"मग शपथ कमी पडते आहे," कावळा म्हणाला. "रामाच्या जोडीला मारुतीची घाल. गावदेवीची घाल. शपथ घालायला काही पदरचे मोडत नाही."

टिल्लूने सगळ्या देवांच्या शपथा घातल्या. त्याचा घसा बसला. गवतातली शेपूट काही थांबली नाही. त्या दिवशी ते माठात जाऊन चिंधीत तोंड खुपसून पडून राहिले. आपली आई आपल्यावर रुसली आहे, आपण तिला नकोसे झालो आहोत, असे त्याला वाटू लागले. याहून मोठे दुःख कुठल्या पिलाला नसते.

आणखी एक गोष्ट होती. ऊन तापायच्या आधी कुंपणापलीकडून रोज एक आवाज येई. "किर्र... टुक. किर्र... टुक." टिल्लूला तो आवाज मुळीच आवडत नसे. "तो किडा आज पुन्हा आला," असे ते कोंबडीला म्हणे. पण का कोण जाणे, तो आवाज ऐकला की त्याच्या तोंडातला घास तोंडातच फिरे.

कुंभाराचे एक गाढव होते. ते रोज तळ्याकाठची माती वाहून आणी. विचारल्याशिवाय ते कधी बोलत नसे आणि गाढवाला विचारतो कोण? एके दिवशी हरबा त्याच्या पाठीवरची माती उतरवून घेत असताना कुंपणापलीकडून तोच आवाज आला. टिल्लू वैतागून म्हणाले, "गाढवदादा, तू रोज बाहेर जातोस. हा किडा कसला आहे रे?"

"किडा नाही," गाढव म्हणाले. "ती तुझी आई आहे."

टिल्लूच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला.

"रोज त्या घायपाताशी येऊन उभी राहते," गाढव सांगू लागले. "तळ्याकाठी मुंगसांची बिळे आहेत, तिथे मी रोज ऐकतो. आई म्हणते 'किर्र', म्हणजे कुठे आहेस. पिलू म्हणते 'टुक', म्हणजे इथे आहे. तुझ्या आईला 'टुक' म्हणणारे कुणी नाही. म्हणून विचारतेही तीच आणि उत्तरही तीच देते."

टिल्लू म्हणाले, "मग मी एवढ्या हाका मारतो, तेव्हा ती पळून का जाते?"

"तू माणसाची हाक मारतोस. त्याच हाकेला एकदा ती वळली आणि तिचे पिलू गेले. आता ती हाक ऐकून ती पळेल नाही तर काय करील?"

"हे तू मला आधी का नाही सांगितलेस?"

"तू विचारले नाहीस," गाढव म्हणाले. "तू कावळ्याला विचारलेस."

कावळ्याने त्या वेळी दुसरीकडे पाहिले.

टिल्लू रडले. आपल्याच आईला आपण किडा म्हटले आणि आपल्याच तोंडाने तिला रोज पळवून लावले, हे त्याला सोसवेना. मग त्याने डोळे पुसले आणि 'टुक' म्हणायला सुरुवात केली. तुम्हांला वाटेल, त्यात काय अवघड? पण कोंबड्यांत आणि माणसांत वाढलेल्या त्या घशातून कधी 'कुक' निघे, कधी 'तोंड' निघे. स्वतःची बोली परक्या भाषेसारखी शिकावी लागणे ही मोठी वाईट गोष्ट आहे. तशात गाढवाने बातमी आणली की, माळावर गवत कापणारे आले आहेत. "गवत गेले की मुंगसांना आडोसा राहत नाही. ती टेकडीपलीकडे निघून जातात. मग कुणी हाक मारली तरी ऐकू यायची नाही," असे ते म्हणाले.

विळे कुंपणाच्या दिशेने सरकू लागले. आता कुंपणापासून टेकडीपर्यंत गवताचा फक्त एक पट्टा उरला होता. सकाळी टिल्लू ढिगावर न चढता थेट घायपाताच्या बुंध्याशी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने पलीकडून दमलेला आवाज आला.

"किर्र..."

टिल्लूने तोंड उघडले. सवयीने "मुंगसा मुंगसा" हेच जिभेवर आले. त्याने ते दातांखाली धरले आणि गिळून टाकले. आता त्याच्याजवळ म्हणायला काहीच उरले नाही. उरली ती फक्त वाटेत मागे राहिलेल्या पिलाची भीती, आणि त्या भीतीला एकच आवाज येत होता.

"टुक."

गवत एकदम स्तब्ध झाले. मग पुन्हा, अगदी हळू, स्वतःच्या कानांवर विश्वास नसल्यासारखे आले, "किर्र?"

"टुक! टुक! टुक!"

घायपाताच्या दोन पात्यांमधून एक करडे डोके वर आले. मुंगशी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिने आपले तोंड दाखवले. या खेपेला तिला कुणी शपथ घातली नव्हती.

गोदी अंगणात ओली गाडगी उन्हात मांडत होती. तिने टिल्लूला कुंपणाच्या फटीत शिरताना पाहिले आणि पलीकडचे तोंडही पाहिले. हातातले गाडगे टाकून ती धावली. टिल्लूची शेपूट अजून फटीच्या अलीकडे होती. नुसता हात पुढे केला असता तर हाती आली असती.

"गोदे!" चाकावरून हरबा एवढेच म्हणाला.

गोदीचा पुढे झालेला हात तिथेच थांबला. तिने दोन्ही हात, चिखलाचे होते तसेच, पाठीमागे बांधले. ते सुटू नयेत म्हणून बोटांत बोटे गुंतवली. तिला "टिल्लू" म्हणून हाक मारायची होती. ती हाक ऐकून ते परत आले असते, हे तिला ठाऊक होते. वातीने दूध पाजल्यापासून त्या हाकेला ते कधी चुकले नव्हते. तिने ओठ घट्ट मिटले. टिल्लू फटीतून पार झाले, त्याने आईच्या अंगाला अंग घासले आणि दोघे गवतात चालू लागली. तेव्हा मात्र गोदीच्याने राहवेना. डोळ्यांतून पाणी वाहत असताना घरच्या मुंगसाला तिने आजवर कधीच म्हटले नव्हते ते ती म्हणाली.

"मुंगसा मुंगसा, तोंड दाखव... रामाची शपथ."

मुंगशी दचकून पळायच्या बेतात आली. पण टिल्लू पळाले नाही. साऱ्या माळावर ते शब्द कळणारे तेच एक मुंगूस होते, आणि त्या शब्दांची आस काय असते हे तर त्याच्याइतके कुणालाच कळत नव्हते. ते थांबले, वळले, मागच्या पायांवर उभे राहिले आणि त्याने गोदीला तोंड दाखवले. तिचे पोटभर बघून होईपर्यंत उभे राहिले. मग आईने "किर्र" केले, त्याने "टुक" केले, आणि गवत हलत हलत टेकडीकडे गेले.

गवत हलायचे थांबले तरी गोदी कुंपणाशी उभीच होती. हरबा उठून तिच्याजवळ आला. चेपलेले ओले गाडगे त्याने उचलून मातीच्या ढिगावर ठेवले.

"मिळालं का, बाय?" त्याने विचारले.

गोदीने चिखलाच्या हातांनीच डोळे पुसले आणि मान हलवली. "मिळालं, आबा. तोंड मागितलं हुतं, तेवढं मिळालं."

तात्पर्य : मायेच्या जिवाला वळून बघ म्हणावे, थांब म्हणू नये.