मुक्या वेदनेची नाडी

एका राज्यात, पूर्वेच्या पिवळ्या नदीकाठी, जिथे राजवाड्याच्या अंगणातही रेशमाचे किडे पोसले जात, तिथे वेनहाओ नावाचा राजा होता. एकदा त्याची मेजवानी रंगात आली असता दाराशी एक आजारी बाई कळवळून ओरडू लागली. राजाला तो आवाज सहन होईना. त्याने तिला वेशीबाहेर नेऊन टाकायला सांगितले. तिथेच ती मेली. ती गूहाई जादूगाराची बायको होती.

गूहाई दरबारात आला. म्हणाला, "राजा, तुला दुखण्याचा आवाज नको ना? यापुढे तुझ्या राज्यात कोणालाही आपले दुखणे सांगता येणार नाही."

तसेच झाले. दुखण्याचा शब्द येताच माणसाची जीभ टाळ्याला चिकटे. जागा दाखवू जाता हात लुळा पडे. वैद्य अंदाजाने औषधे देऊ लागले आणि माणसे औषधांनीच दगावू लागली. पुढे राजकन्या रुओशी अंथरुणाला खिळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ओठ मात्र मिटलेले. राजवैद्या सूयानने हातातली वाटी खाली ठेवली.

"महाराज, काय दुखते ते कळल्यावाचून मी हिला काही पाजणार नाही," असे म्हणून ती ढगांच्या डोंगराकडे निघाली.

त्या डोंगरावर वैद्यांचा गुरू मानला जाणारा एक क्रौंच पक्षी राहत असे. तो म्हणाला, "कोणी दुसऱ्याचे दुखणे न विचारता अचूक सांगेल, त्या दिवशी शाप सुटेल. तोंड मुके झाले तरी रक्त बोलते. ते ऐकायला बोटे तयार कर."

त्याने तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आधी तिने ओढ्यावर हलके बोट टेकून तरंगते लाकूड ओळखले. मग तळाचा दगड. त्यासाठी बर्फाच्या पाण्यात हात खोल दाबावा लागे. बोटे निळी पडली, तरी ती पुन्हा पुन्हा हात घालीत राहिली. शेवटी क्रौंचाने दरीवर एक तार ताणली आणि पलीकडे जाऊन चोचीने छेडली. "तार छेडणारा कसा आहे, सांग."

झाडांची पाने गळून गेली तरी तिला सांगता येईना. एके सकाळी ती तारेवर बोटे ठेवून नुसती बसली. मग हळूच म्हणाली, "तो म्हातारा आहे, आणि फार दमला आहे."

"खरे आहे," क्रौंच म्हणाला. "आता जा."

वेशीवर गूहाईने तिची वाट अडवली. "आधी माझा हात पाहा. चुकलीस तर दगड होशील."

सूयानने त्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवली. आधी हलकी, मग जरा दाबून, मग खोल.

"वरून भरलेली, आतून पोकळ. कांद्याच्या पातीसारखी नाडी आहे. तुमच्या पोटात रक्त झिरपते आहे. बायको गेल्यापासून तुम्ही धड जेवला नाहीत. आणि तुमचा शाप तुमच्याही जिभेवर बसला आहे."

जादूगार मटकन खाली बसला. "दुखते," तो म्हणाला. "फार दुखते." त्याच क्षणी शाप सुटला.

साऱ्या नगरातून कण्हणे ऐकू येऊ लागले. राजाने कान झाकले नाहीत. तो अनवाणी वेशीपर्यंत चालत आला.

"त्या दिवशी ती काय म्हणत होती?" त्याने गूहाईला विचारले.

"पाणी मागत होती."

राजा मातीत गुडघे टेकून बसला. त्याने स्वतःच्या हाताने गूहाईला पाणी पाजले आणि राजवाड्याचे दार आजाऱ्यांसाठी कायमचे उघडे ठेवण्याची आज्ञा दिली.

सूयान राजकन्येच्या उशाशी गेली. तिचे मनगट हाती घेऊन तिने डोळे मिटले. मुलगी पुटपुटली, "बाई, तुम्हांला कळले ना?"

"कळले," सूयान म्हणाली. "पण तूही सांग. मी ऐकते आहे."