शेंदराची रेघ

फार पूर्वीची गोष्ट. भाद्रपदातली सकाळ होती. दिवस कासराभर वर आला होता आणि नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. घाटाला एक नाव लागली होती आणि तीत बारा माणसं बसली होती.

त्या गावाची एक रीत होती. दरवर्षी नाव पाण्यात उतरवण्याआधी सारा गाव जमून तिच्या बाहेरच्या फळीवर शेंदराची रेघ ओढायचा. भार वाढून पाणी रेघेला टेकलं की नाव सोडायची नाही, मग घाटावर कोणीही उभं असो.

नावाडी धीट होता. मगरीच्या तोंडून त्यानं वासरू सोडवलं होतं. रेघेच्या बाबतीत तर तो देवाचंही ऐकणार नाही, असं लोक कौतुकानं सांगत. आदल्याच दिवशी एक कुंभारीण डोक्यावर माठ घेऊन आली होती. नाव भरली होती. पलीकडचा बाजार बुडेल म्हणून ती रडली, तरी नावाडी हलला नाही. "रेघ म्हणजे रेघ, मावशे. उद्या लवकर ये," तो म्हणाला.

ती लवकर आली. बारांमध्ये तीही होती, माठ मांडीवर घेऊन.

एवढ्यात राज्याचा कारभारी पालखीतून आला. त्याला पलीकडे मेजवानीला जायचं होतं. ही खेप पलीकडे पोचवून लगेच परततो, असं नावाड्यानं सांगून पाहिलं. कारभारी रागावला नाही, त्यानं धमकीही दिली नाही. फक्त हसला.

"तुझ्यासारखा नावाडी असताना आम्ही काठावर ताटकळायचं होय?"

नावाड्यानं मान खाली घातली. कारभारी चढला, चार भोई चढले, पालखीही चढली. रेघ पाण्याखाली गेली.

कुंभारीण म्हणाली, "काल माझ्या एका माठानं रेघ बुडत होती. आज पालखीनं बुडत नाही का रे, बाबा?"

त्यानं वल्हं उचललं. नाव सोडली.

मधल्या धारेत नाव कलंडली. भोई पोहून बाहेर आले. कारभारी पालखीचा दांडा धरून काठाला लागला. नावाड्यानं बुड्या मारून तिघांना ओढून काढलं. उरलेले नऊ जण गेले. दुपारी खालच्या वळणावर माठ सापडला, साधा टवकाही उडाला नव्हता. कुंभारीण सापडली नाही.

पंच बसले. कारभारी त्यांच्याच शेजारी लोडाला टेकून विडा चघळत होता. वाचलेले तिघे आणि चार भोई जमिनीकडे बघत होते.

पंचांनी विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून एवढा भार घेतलास?"

नावाड्यानं मान वर केली. त्याची आणि कारभाऱ्याची नजरानजर झाली. एक शब्द पुरला असता.

"माझाच अंदाज चुकला," तो म्हणाला.

आणि ते म्हणतानाच त्याला कळलं. मगरीला न भ्यालेल्या आपल्या तोंडून 'नाही' निघतं ते फक्त माठवाल्यांसाठी. पालखी समोर आली की ते घशातच मरतं. नऊ माणसं गेल्यावर त्याला आपली दुबळी जागा सापडली, आणि सापडल्यावरही त्यानं कारभाऱ्याचं नाव घेतलं नाही.

पंचांनी त्याचं वल्हं काढून घेतलं आणि त्याला गावाबाहेर घालवलं. कारभारी पुढच्या मेजवानीला गेला.

लहानांनो ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्त ऐका. नावाड्याची कीव करण्याआधी आपापल्या घशात हात घालून बघा. आपली सर्वांत मोठी दुर्बलता आपण कोणाला घाबरतो त्यात नसते. आपण कोणाला 'नाही' म्हणतो आणि कोणाला म्हणत नाही, त्यात असते.

पुढच्या वर्षी गावात नवी नाव आली. तिच्यावरची शेंदराची रेघ चार बोटं वर आहे; आता पालखी चढली तरी ती बुडत नाही. सारा गाव जमला होता, तरी तिथं ती कोणी ओढली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.