सर्वांच्या शेवटी जेवणारी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. त्या राजाच्या राज्यात अनेक बोली होत्या. डोंगरातली माणसं एक बोलत, मैदानातली दुसरी, नदीकाठची तिसरी. पण दरबारात एकच भाषा चाले. ती ज्याला आली तो मोठा, न आली तो गावंढळ, असा त्या वेळचा रिवाज होता.

राजाच्या कारभाऱ्याचं घर मोठं मानाचं. त्या घरात एक नियम होता. लग्न होऊन आलेली प्रत्येक सून उंबऱ्यावर उभी राहून शपथ घेई, ‘या उंबऱ्याच्या आत मी दरबारी भाषेशिवाय बोलणार नाही.’ मगच तिचं पाऊल आत पडे. कारभाऱ्याची आई डोंगरातून आली होती, तिनं ती शपथ घेतली होती. कारभाऱ्याची बायको मैदानातून आली, तिनंही घेतली. सासू आणि सून एका घरात नांदल्या, एकमेकींवर माया केली, पण एकीचं माहेर दुसरीला कधी ऐकू आलं नाही.

एका हिवाळ्यात सासू तापानं आजारी पडली. वैद्यानं काढे दिले, ताप उतरला. घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. पण म्हातारीनं डोळे उघडले तेव्हा कळलं, की ताप जाताना एक गोष्ट बरोबर घेऊन गेला होता. ती दरबारी भाषा विसरली होती. पार विसरली होती. आयुष्यभर बोललेली भाषा, मुंगीनं साखर न्यावी तशी, कणही मागे न ठेवता नाहीशी झाली. लहानपणीची डोंगरी बोली तेवढी उरली, आणि ती घरात कुणालाच कळत नव्हती.

तेही एक वेळ चाललं असतं. पण म्हातारी जेवेना.

ताट समोर आलं की ती उठून बसे. खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघे आणि म्हणे, “ओरी ताला?” मग थांबे. पुन्हा म्हणे, “ओरी ताला?” पुन्हा थांबे. आणि शेवटी ताट हळूच बाजूला सारी. पाणी घेई, दूध घेई, पण अन्नाला शिवत नसे. दिवसेंदिवस तिच्या मनगटातल्या बांगड्या सैल होत कोपरापर्यंत सरकू लागल्या.

शास्त्रीबुवांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, “हा कुठल्यातरी देवीचा मंत्र दिसतो. नवस राहिलाय.” नवस फेडला. म्हातारी जेवली नाही.

नणंद माहेरी आली होती. ती म्हणाली, “मंत्र कसला? आई रुसलीय. बोलतेय म्हणजे आपल्याला शिव्याच देतेय.” सगळ्यांनी पायांवर डोकं ठेवून क्षमा मागितली. म्हातारीनं सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, “ओरी ताला?” आणि ताट सारलं.

सून मात्र उशाशी बसून बघत होती. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. रात्री ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, हा मंत्र नाही आणि शिवीही नाही. मंत्र म्हणणारा डोळे मिटतो, शिवी देणारा तोंड फिरवतो. सासूबाई वाट बघतात. त्या काहीतरी विचारताहेत, आणि आपण कुणीच उत्तर देत नाही.”

“मग काय करायचं?”

“त्यांच्या माहेरी जाऊन अर्थ विचारायचा.”

कारभाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आणि दरबारात काय सांगू? कारभाऱ्याच्या आईला दरबारी भाषा येत नाही?”

“येत होती हो. गेली. आता पोटात अन्न गेलं नाही तर आईही जाईल. मग दरबारात ते सांगाल का?”

शेवटी कारभारी म्हणाला, “जा. पण एक लक्षात ठेव. ती बोली उंबऱ्याच्या आत आणू नकोस. तू शपथ घेतलीयस.”

सून पहाटे निघाली. घाट चढून डोंगरावरच्या वाडीत पोचली तेव्हा जेवणवेळ झाली होती. सासूच्या माहेरचं घर तिनं खुणेनं विचारत शोधलं. दारात उभी राहून तिनं दरबारी भाषेत नमस्कार केला, आपण कोण, कुठल्या, सगळं सांगितलं. आतली माणसं नुसती बघत राहिली. एक लहान पोरगी तिच्या बोलण्याची नक्कल करून फिदीफिदी हसली.

मग तिनं सासूचे शब्द जसे ऐकले होते तसेच म्हटले, “ओरी ताला?”

आणि काय सांगावं! चुलीपाशी बसलेली बाई म्हणाली, “ओरो!” गोठ्यातून कुणी ओरडलं, “ओरो!” माळ्यावरून एक पोरगा, ओसरीवरून दोन म्हातारे, नक्कल करणारी ती पोरगीसुद्धा, ज्यानंत्यानं आपल्या जागेवरून उत्तर दिलं. “ओरो! ओरो!” आणि मग सगळं घर हसत सुटलं.

ओसरीवरचा एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. बाजारात येऊनजाऊन त्याला थोडी दरबारी भाषा येत होती.

“पोरी, हा प्रश्न घरातल्या थोरलीनं विचारायचा असतो. तू तर दारातली पाहुणी. कुठं ऐकलास?”

सुनेनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा बदलला.

“ती माझी बहीण,” तो म्हणाला. “तिच्या लग्नानंतर तुमच्या घरातून या वाडीत आजवर कुणी आलं नाही. मी मात्र एकदा आलो होतो. अंगणात उभं राहून बहिणीला हाक मारली. तुझी आजेसासू बाहेर आली. म्हणाली, आमच्या भाषेत बोलता येत असेल तर बोल, नाहीतर गोठ्यात जाऊन बैलांशी बोल. मग काय करतो? बैलांशी बोललो नि परत आलो.”

“बैलांना कळलं?” सुनेच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

म्हातारा खो खो हसला. “कळलं तर! त्यांनी कान हलवले. दाराआडून बहिणीनं मान हलवली. तेवढीच आमची भेट.”

मग त्यानं डोळे पुसले आणि अर्थ सांगितला. “आमच्याकडे घरातली थोरली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. ताटावर बसली की विचारते, ‘ओरी ताला?’ म्हणजे, सगळ्यांची पोटं भरली का? घरात असेल त्या प्रत्येकानं म्हणायचं, ‘ओरो’, भरलं. एक जण जरी गप्प राहिला, तरी तिला घास घेता येत नाही. कोण उपाशी राहिलं, या काळजीनं तो तिच्या घशाखाली उतरतच नाही.”

सुनेनं तोंडाला पदर लावला. “म्हणजे त्या रुसल्या नव्हत्या.”

“रुसेल कशाला? तुमचं कुणाचंच पोट भरलेलं नाही, असं समजून ती थांबलीय.”

सुनेनं त्याचे पाय धरले. “मामा, तुम्ही चला. तुमचा आवाज ऐकून त्या उठून बसतील.”

“नाही लेकी. बोलावल्याशिवाय बहिणीच्या दारात एकदा गेलो, तेवढं पुरे झालं. शिवाय माझ्या एकट्याच्या उत्तरानं काय होणार? ती तिच्या घराला विचारतेय. उत्तर घरानंच द्यायला हवं. शब्द एवढासा आहे, घेऊन जा.”

वाडीतल्या बायकांनी तिला तो शब्द शिकवला. तो म्हणताना शेवटी आवाज खाली सोडायचा असतो. सुनेचा नेमका वर चढे. “अगं, तू तर शेळीला हाक मारल्यासारखी म्हणतेस!” चुलीपाशी बसलेली बाई हसून म्हणाली, आणि मामानं तिचं बोलणं सुनेला समजावून सांगितलं. पण एकीनंही तिला रिकाम्या पोटी जाऊ दिलं नाही. भाकरीचा घास घेताना सुनेच्या मनात आलं, ‘आम्ही या माणसांना अंगणातून परत पाठवलं, आणि यांनी आमच्या घराचा जीव आपल्या तोंडात जपून ठेवला.’ त्यांचे आभार कसे मानायचे, हे तिला कुठल्याच भाषेत सापडेना.

ती घरी पोचली तेव्हा कारभारी उंबऱ्यातच उभा होता.

“औषध मिळालं?”

“मिळालं. पण ते घरातल्या सगळ्यांनी घ्यायचंय.” तिनं अर्थ सांगितला.

कारभाऱ्याची मान खाली गेली. तरीही तो म्हणाला, “आणि शपथ? पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे तो.”

“घरातली थोरली बाई उपाशी आणि घराला मान? असा मान कुठल्या देवाला चालतो, ते मला सांगा. शपथ मोडल्याचं पाप लागलं तर मला लागू दे.” असं म्हणून सून उंबरा ओलांडून आत गेली.

सुनेनं शिकवलेला शब्द घोकत सासूच्या खोलीत सगळं घर जमलं. ताट मांडलं. म्हातारीला उठवून बसवलं. आता तिला धरून बसवावं लागत होतं. तिनं सुनेकडे बघितलं. आवाज कापसासारखा हलका झाला होता. “ओरी ताला?”

“ओरो,” सून म्हणाली.

म्हातारीच्या डोळ्यांत दिवा लागावा तसं झालं. तिनं सुनेचा हात घट्ट धरला. पण घास उचलला नाही. तिची नजर पुढे सरकली, स्वयंपाकीणबाईवर. “ओरी ताला?”

“ओरो, ओरो!” स्वयंपाकीणबाई म्हणाली. “मला कसली आलीय शपथ? मी आत भाज्यांशी वाटेल त्या भाषेत बोलते.”

नणंदेनं आधी देवघराकडे बघून हात जोडले, मग म्हणाली, “ओरो, आई.” नातीनं मोठ्यानं म्हटलं. गडीमाणसांनी दारातून म्हटलं. कुणाचा आवाज वर चढला, कुणाचा मधेच अडकला. म्हातारी प्रत्येकाला मान डोलवत होती.

शेवटी तिची नजर मुलावर थांबली.

कारभारी भिंतीला टेकून उभा होता. दरबारात तासन्‌तास बोलणारा हा माणूस पायाच्या नखानं जमीन टोकरत होता. म्हातारीचा हात ताटावर थांबला होता.

“ओरी ताला?” तिनं विचारलं.

कारभारी पुढे आला. आईसमोर गुडघ्यांवर बसला.

“ओरो, आवी,” तो म्हणाला.

सून चमकली. त्याचा आवाज अगदी बरोबर जागी खाली आला होता, वाडीतल्या माणसांचा येतो तसा. आणि ‘आवी’ हा शब्द तर तिनं कुणाला शिकवलाच नव्हता. वाडीतली लहान मुलं आपल्या आईला त्या नावानं हाक मारताना तिनं ऐकली होती, एवढंच.

म्हणजे त्या म्हातारीनंही शपथ मोडली होती! तान्ह्या लेकराला पदराखाली घेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशी, ती त्याच्याशी आपल्या बोलीत बोलली होती. लेकरू मोठं झालं, दरबारी झालं, विसरून गेलं. पण आईनं पेरलेलं आत कुठंतरी तग धरून होतं.

म्हातारीनं पहिला घास घेतला. मग दुसरा. कारभारी तिथंच बसून लहान मुलासारखा रडत होता, आणि म्हातारी जेवता जेवता डाव्या हातानं त्याची पाठ थोपटत होती.

दुसऱ्याच दिवशी डोंगरावर पालखी गेली. पालखीबरोबर कारभारी स्वतः गेला, आणि मामांना हात धरून उंबऱ्याच्या आत घेऊन आला. बहीणभाऊ दुपारभर बोलत बसले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण सगळं घर त्यांच्याभोवती बसून ऐकत होतं. मधेच दोघं इतकी हसली, की कारण माहीत नसताना बाकीचेही हसू लागले. मामा डोळे पुसत म्हणाले, “लेकी, बैलांची गोष्ट तिला आज सांगून झाली.”

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. दरबारी भाषा तिच्याकडे परत आली नाही, पण तिची कधी अडचणही झाली नाही, कारण घरच तिच्याकडून तिची बोली शिकलं. कारभारी दरबारात दरबारी भाषा बोले आणि घरी आईजवळ डोंगरी. त्याचा मान तिळभरही कमी झाला नाही. उंबऱ्यावरची शपथ पुढे कुणाला मोडावी लागली नाही. ती घेणंच थांबलं.

आणि सून? एका सकाळी लेकीची वेणी घालताना ती पहिल्यांदा आपल्या माहेरच्या, मैदानातल्या बोलीत बोलली. बोलता बोलता अडखळली. कितीतरी शब्द हरवले होते. तेव्हा लेकीला घेऊन ती माहेरी गेली. तिथल्या आयाबायांनी ते शब्द रोज बोलून ताजे ठेवले होते. त्यांनी ते ओंजळी भरभरून दिले, आणि सुनेनं एकेकीच्या पाया पडून घेतले.

तात्पर्य : नवी भाषा जरूर शिकावी, पण जिनं आपल्याला पहिला घास भरवला ती भाषा कधी टाकू नये, आणि आपल्यासाठी ती जपणाऱ्यांचे उपकार विसरू नयेत.