पूजेतल्या बंदुकीला दोन भोके

एका डोंगरी संस्थानात एकदा एक वृद्ध जिनगर राहत असे. बंदुका घडवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सगळे त्याला बाबा म्हणत. हैबती नावाचा तिशीचा शिष्य त्याच्याकडे नेमबाजी शिकत होता. हैबतीचे वडील संस्थानच्या पहारा पथकात होते. ते वारल्यावर त्यांची पाच फैरींची रायफल मुलाकडे आली, जागा मात्र आली नाही. जागेसाठी दसऱ्याला परीक्षा असे. बांधावर पाच मडकी मांडत, कारभारी दहा आकडे मोजत आणि तेवढ्या अवधीत पाचही मडकी फोडावी लागत. संधी तीनच. हैबतीच्या दोन वाया गेल्या होत्या.

पहिले मडके तो लीलया फोडी. घोळ दुसऱ्यापासून होई. बार उडाला की नळीचे तोंड वर उसळे, आणि ते खाली आणून पुन्हा नेम धरेपर्यंत आकडे संपत. यावर त्याने शोधलेला उपाय एकच, आणखी जोर. तो बंदूक इतकी आवळून धरी की खांदा काळानिळा पडे, हात थरथरत आणि गोळी आधीपेक्षाही उंच जाई. जोराने न सुटणाऱ्या गोष्टीला दुप्पट जोर लावणारी माणसे आपल्याही घरात आहेत, तेव्हा त्याला हसू नये.

खंडेनवमी उजाडली. या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते आणि पूजेतल्या वस्तूला कोणी कामाला लावत नाही. हैबतीने बाबांच्या घरी रायफल पुसून पाटावर ठेवली, हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले आणि डोळे मिटून मनोभावे हात जोडले. डोळे उघडले तेव्हा पाटावर फूल होते, रायफल नव्हती.

मागच्या पडवीतून करकर ऐकू आली. तो धावला आणि उंबऱ्यातच खिळून उभा राहिला. बाबांनी रायफल लाकडी पकडीत आवळली होती आणि नळीच्या तोंडापासून चार बोटे मागे, वरच्या अंगाला, ते गिरमिटाने भोक पाडत होते. एक भोक पडूनही झाले होते. कुंकू लागलेल्या पोलादाचा कीस जमिनीवर सांडला होता.

हैबती ओरडला, "बाबा! अहो, काय चालवलंय हे? वडिलांची एवढी एकच आठवण आहे माझ्याकडे! आणि तेही आजच्या दिवशी?"

"परीक्षा उद्या आहे, म्हणून आज," बाबा मान वर न करता म्हणाले. "ती पकड जरा दाबून धर, हलतेय."

"भोकं पडलेली बंदूक घेऊन उद्या उभा राहू मी? शेवटची संधी होती. मातीत घातलीत!"

बाबांनी दुसरे भोक पाडले, नळी आतून घासून गुळगुळीत केली, तेलाचे फडके फिरवले आणि रायफल त्याच्या हाती दिली. "बार काढ. आवळू नकोस. नुसती खांद्याला लाव."

रागातच हैबतीने मागच्या बांधावरच्या सरावाच्या मडक्यावर चाप ओढला. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, नळीवरून जाळाची जीभ आभाळाकडे उठली. तो दचकला, बंदूक फुटली असेच त्याला वाटले. पण मडके फुटले होते आणि नळीचे तोंड होते तिथेच होते. त्याने दुसऱ्यांदा चाप ओढला. दुसरे मडकेही गेले.

"हे कसं शक्य आहे?" त्याचा विश्वासच बसेना.

"दारूचा वायू गोळीला ढकलतो, तसा बंदुकीला मागे ढकलतो," बाबा म्हणाले. "धक्का नळीच्या रेषेत मागे येतो. तुझा खांदा त्या रेषेच्या खाली, म्हणून तोंड वर उसळतं. आता गोळी भोकांपुढून गेली की थोडा वायू भोकांतून वर सुटतो आणि वर सुटताना नळीला खाली दाबतो. ज्या वायूनं तोंड उसळायचं, तोच ते धरून ठेवतो. गोळीचा वेग किंचित कमी होईल, आवाज वाढेल. तेवढं सोसायचं."

हैबतीचा राग कुठल्या कुठे पळाला. "मग डाव्याउजव्या अंगालाही दोन-दोन पाडू या की! धक्का आणखी कमी होईल." आणि त्याने गिरमिट उचललेसुद्धा.

बाबांनी त्याचे मनगट पकडले. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असे त्याला कधी वाटले नव्हते.

"तुझ्या वडिलांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं," बाबा म्हणाले.

"हो. तोफखान्यात असताना कान गेला."

"ते तसं सांगायचे. ते कधी तोफखान्यात नव्हतेच. दसऱ्याच्या रांगेत मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो आणि माझ्या बंदुकीला दोन्ही बाजूंनी भोकं होती. धक्का नाहीसा झाला. पाचही मडकी फुटली, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खाली उतरलो तेव्हा तुझे वडील कान दाबून मातीत बसले होते."

हैबतीच्या हातून गिरमिट गळून पडले. त्याला ऐकू न आल्यावर वडिलांचा होणारा तो प्रश्नार्थक चेहरा आठवला, आणि आपण आयुष्यभर त्यांच्यावर खेकसलेले आठवले: किती वेळा ओरडून सांगायचं तुम्हाला? अगदी शेवटच्या आजारातही तो हेच म्हणाला होता. त्याला स्वतःची किळस आली आणि समोरच्या माणसाचा भयंकर संताप आला.

"इतकी वर्षं... आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"गिरमिट तुझ्या हातात गेलं, म्हणून."

"काय म्हणाले ते तुम्हाला?"

"काही नाही. समोरच्या टेकडीवर गेले. दिवसभर त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. संध्याकाळी खाली आले, माझ्याच कट्ट्यावर बसले, फक्त जागा बदलून. म्हणाले, आता या बाजूनं बोलत जा." बाबांनी पडलेले गिरमिट उचलले. "आत पेटलेलं कोंडून राहत नाही रे. वाट द्यावीच लागते. पण शेजारी कोण उभं आहे ते आधी बघायचं. हे मला बंदुकीनं शिकवलं नाही, त्यांनी शिकवलं."

हैबती निघून गेला. दुपारभर टेकडीवरून त्याचे ओरडणे येत होते. बाबा पडवीत बसून ऐकत राहिले.

दसऱ्याला रांग उभी राहिली आणि हैबतीची पाळी आली. "एक," कारभाऱ्यांनी मोजले. हैबतीने बंदूक उचललीच नाही. शेजारच्या दोघांच्या हातात त्याने कापसाचे बोळे ठेवले आणि त्यांना मागे सरकवले.

"अरे, आकडे चाललेत!" कारभारी ओरडले. "तीन!"

चौथ्या आकड्याला त्याने पहिला बार काढला. नवव्याला पाचवे मडके फुटले.

संध्याकाळी तो आपट्याची पाने घेऊन जिनगराच्या दारी आला. म्हातारा उठून उभा राहिला. आता काय ऐकावे लागणार, याची त्याला भीती वाटत होती. हैबतीने त्याच्या हातात सोने ठेवले, वाकून नमस्कार केला.

"बाबा, वडील कुठल्या बाजूला बसायचे?"

बाबांनी कट्ट्यावर आपल्या डाव्या हाताची जागा दाखवली. हैबती तिथे बसला.