रुमालाखालचा भाव

"...पण बाबा, दोन्हींतलं भारी कुठलं? लंडनचं की मुंबईचं?"

नूरबाबा एका खोंडाचे दात बघत होते.

शर्वरीला दम कुठला! आटपाडीचा जनावरांचा बाजार ऐन भरात आलेला, रंगवलेली शिंगं, हंबरणं, धूळ, आणि तिच्या हातात दोन पत्रं. दोन्हीकडं फायनान्सच्या मास्टर्सला प्रवेश. लंडनचं एका वर्षाचं, नाव जगभर गाजलेलं. मुंबईचं दोन वर्षांचं, त्यातलं दुसरं वर्ष सगळं एका ऑफिसात, जिथं खरे सौदे चालतात तिथं बसून. संध्याकाळी पाचच्या आत एकाला हो म्हणायचं. दुसरी जागा मग हातची गेली ती गेलीच.

आनंद असा, की सकाळपासून पोरीच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

तिनं तक्ता मांडला होता. बत्तीस रकाने. कॉलेजचं नाव केवढं, कुठल्या बँका नोकरी द्यायला येतात, पगार काय. बेरीज केली तर दोघांना गुण सारखे. आत्या म्हणाली, छापा-काटा कर. पप्पा म्हणाले, सौदे जुळवायला शिकायला चाललीस ना, मग आधी नूरबाबांना विचारून ये. पन्नास वर्षं त्यांनी दुसरं काय केलंय?

शर्वरी मनातल्या मनात हसली होती. बैलांचा दलाल, सहीच्या जागी अंगठा उठवणारा. तो काय सांगणार? पण पप्पांचा शब्द मोडवेना.

बाबांनी खोंडाचं तोंड सोडलं आणि विचारलं, एवढं शिकून करायचं काय असतं. लहान पोराला सांगावं तसं तिनं सांगितलं. एकाला आपली कंपनी विकायची असते, एकाला घ्यायची असते. मधे बसून दोघांचं जुळवून द्यायचं.

"म्हंजे बैलच," बाबा म्हणाले.

"बैल नाहीत, बाबा. हजारो कोटींचा व्यवहार असतो."

"हां... मोठे बैल."

आसपासची माणसं हसली. शर्वरीचे कान लाल झाले.

तेवढ्यात बाबांचं गिऱ्हाईक आलं. विकणारे आप्पा कोळेकर, गुडघे गेलेले, औत झेपेना म्हणून खिलार जोडी घेऊन आलेले. घेणारे दत्तू मगदूम. बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि शर्वरीच्या हातावर टाकला.

"बस मधी."

रीत त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. लाखाचं उघड ठरलंय, त्याच्या वरचं बोटांनी. एक बोट धरलं की दहा हजार, पंजा धरला की पन्नास. विकणाऱ्याचा हात घेणाऱ्याला कळू द्यायचा नाही, मधल्यानं तो पोटात ठेवायचा.

"आकडा तोंडानं काढायचा न्हाई, बेटी. कायबी झालं तरी."

शर्वरीला वाटलं, एवढंच होय. तिनं रुमालाखाली हात घातला. बाबांनी आप्पांना शेवटचा भाव धरायला सांगितलं. आप्पांनी तिची तीन बोटं धरली.

वर्गात पहिला हात हिचाच वर जायचा. ती खोड कुठं जाते?

"तीस," ती खणखणीत म्हणाली.

आसपासच्या माना वळल्या.

मगदूम मिशीत हसले. तिसाला सुटतीय तर वीस घ्या, म्हणाले. आप्पांनी खाली वाकून कासरा सोडला आणि जोडी वळवली.

शर्वरीनं बाबांकडं पाहिलं. बाबा तंबाखू मळत होते.

"सौदा मोडलास तू," ते म्हणाले. "जोड आता."

ती आप्पांच्या मागं धावली. पुढं होऊन उभी राहिली, चुकले म्हणाली, आणि रुमाल हातावर धरला. आप्पांनी जोडी थांबवली. मग त्यांनी हात आत घातला.

या वेळी त्यांनी बोट धरलंच नाही. बाभळीच्या सालीसारखा तो हात तिच्या हातात नुसता पडून राहिला. दुसरा हात बैलाच्या वशिंडावर.

तिच्या ओठावर दहा हिशोब आले. तिनं सगळे गिळले.

"...पैशाचं नाही ना, आप्पा?"

आप्पांनी मान फिरवली.

"जोडी हाय ती, पोरी. संगं वाढल्यात. फुटाय नको."

बत्तीस रकान्यांत हा रकाना कुठंच नव्हता.

ती मगदुमांकडं गेली. रुमालाखाली त्यांचा हात घेतला आणि इकडचं तिकडचं विचारत बसली. रान किती, औत कोण धरतं, बैल परत विकणार की ठेवणार. मगदूम म्हणाले, ठेवणार म्हणजे, पेरणीला जोडीच पाहिजे. एकटा बैल घेऊन काय करू? मग ती म्हणाली, काका, मघाशी मी सांगितली ती दोन बैलांची किंमत होती. आसूड न लागता एका पावलानं चालणाऱ्या जोडीची अजून कुणी सांगितली नाही. आणि ज्याच्याकडं ती फुटणार नाही, त्यालाच ती मिळणार आहे.

मगदुमांनी तीन बोटं दाबली.

तिनं हात सोडला नाही.

मगदूम जोडीकडं बघत होते. बैलांनी एकाच वेळी माना हलवल्या, घुंगरं वाजली...

चौथं बोट दाबलं गेलं.

शर्वरीच्या तोंडातून शब्द आला नाही. ती तशीच उठली, आप्पांकडं गेली, रुमालाखाली त्यांची चार बोटं धरली. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग मगदुमांकडं. जोडी राहील ना, एवढंच विचारलं. मगदुमांनी बैलाच्या कपाळावर हात ठेवून शब्द दिला. आप्पांनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढून दोन्ही पाठींवर उधळला आणि कासरा मगदुमांच्या हातात दिला.

माणसांचा गलका झाला. कुणीतरी ओरडलं, नूरबाबा, तुमचं दुकान बसलं आता! शर्वरीच्या अंगावरही भंडारा उडाला होता. केस पिवळे झाले होते. पत्रं कुठं ठेवली तेही आठवेना.

ती बाबांनी सांभाळली होती. शर्वरी धापा टाकत त्यांच्यापुढं बसली.

"आता तरी सांगा, बाबा. कुठलं?"

बाबांनी तंबाखू थुंकली. मग दोन्ही पत्रं मांडीखाली सारली, रुमाल झटकला, आपल्या हातावर पसरला आणि तिच्यापुढं धरला. तिनं हात आत घातला.

"लंडन," बाबा म्हणाले.

तिचा हात त्यांच्या हातात होता. पाहुण्यासारखा, नीट बसलेला.

"मुंबई..."

तिच्या बोटांनी बाबांचा पंजा गच्च धरला. पाचही बोटं. तिचं तिलाच नवल वाटलं. हसू फुटलं, डोळे भरले, सांगायला तिनं तोंड उघडलं...

बाबांनी रुमालाखाली तिचा हात हलकेच दाबला.

"आकडा तोंडानं काढायचा न्हाई, बेटी."